मंडळीची डिरेक्टरी म्हणजे तुमची वाचकांची यादी नव्हे

पत्र

नमस्कार. गेली अकरा वर्षं मी मनन आणि भक्तिपर लेख लिहिते. मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, मासिकांतून ते छापून येतात. लोक भेटले की ‘लेख आवडला’ म्हणतात, दोन-तीन बहिणी तर आवर्जून चार ओळी लिहून पाठवतात. तेवढ्यावर मी समाधानी होते. आता जवळचं माणूस गमावलेल्यांसाठी एक पुस्तक लिहून झालंय. हस्तलिखित ज्या संपादकांकडे दिलं त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “तुमच्या ईमेल यादीत किती जण आहेत?” माझ्याकडे यादीच नाही. एका स्नेह्यांचं म्हणणं, मंडळीच्या डिरेक्टरीतले, म्हणजे सभासदांच्या यादीतले, 412 पत्ते एकदम टाकून द्या, सगळे आपलेच तर आहेत. माझं मन धजत नाही. शिवाय स्वतःभोवती माणसं जमवायची आणि ती मोजत बसायची, हा गर्वच नाही का? प्रार्थना करतेय, पण वाट दिसत नाही.

— एक लेखिका

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं मन धजत नाही ते बरोबरच आहे. ते 412 पत्ते टाकू नका. त्यातला एकही नको.

डिरेक्टरीत लोकांनी आपला पत्ता दिला तो कशासाठी? आजारपणात कुणीतरी भेटायला यावं, सभेची वेळ बदलली तर कळावं, पाळकांना गरज पडल्यास गाठता यावं, यासाठी. तुमचे लेख वाचण्यासाठी नाही. लेख कितीही चांगले असले, त्यांत प्रभूचंच नाव असलं, तरी एका कामासाठी विश्वासानं दिलेली गोष्ट दुसऱ्या कामाला लावायची नसते. ‘आपलेच आहेत’ हे कारण तर मला उलट्या बाजूनं खरं वाटतं. आपलेच आहेत म्हणूनच ते संकोचानं ‘नको’ म्हणणार नाहीत. तुमचं पत्र न उघडता बाजूला सारतील आणि मंडळीत समोर आलात की नजर चुकवतील.

मी स्वतः केलेली एक चूक सांगते. माझ्या लेखनाच्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. साठेक वाचकांना मी सणाच्या निमित्तानं एक पत्र पाठवलं आणि सगळे पत्ते वरच्या ‘टू’च्या रकान्यात टाकले. प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसला. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईंचं उत्तर आलं, “कृपा करून माझं नाव काढून टाका.” एवढंच. पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं की त्या माझं लेखन वाचतात हे त्यांच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या साठ जणांत त्यांच्या सासरचे एक गृहस्थ होते. त्यांना घरी काय ऐकून घ्यावं लागलं ते मी विचारलं नाही. माझी विचारायची हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून मी माझ्या यादीकडे वेगळ्या नजरेनं बघते. पाककृतींच्या यादीतलं नाव फुटलं तर फार काही बिघडत नाही. ख्रिस्ती लेखकाच्या यादीतलं नाव मात्र त्या माणसाच्या श्रद्धेबद्दल, कधी त्याच्या मनातल्या एका गुप्त शोधाबद्दल, सांगून जातं.

युरोपचा माहितीसंरक्षणाचा कायदा 25 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या नवव्या कलमात माणसाच्या धार्मिक श्रद्धेची माहिती ही आरोग्याच्या माहितीसारखीच खास जपायच्या माहितीत धरली आहे. तुमचा एकही वाचक युरोपात नसला तरी हा नियम मनाशी बाळगण्यासारखा आहे. एकत्र पत्र पाठवायची सोय असलेल्या सेवा, म्हणजे मेलचिंप, मेलरलाइट, किट, सबस्टॅक यांसारख्या, प्रत्येकाला पत्र वेगळं पाठवतात, त्यामुळे माझ्या हातून झाली तशी चूक तिथे होत नाही. यातली कुठली घ्यायची यावर महिनाभर घालवू नका. लहान यादीसाठी यांतल्या अनेक फुकटात सुरू करता येतात. फक्त यादी हवी तेव्हा फाइल करून बाहेर काढता येते ना, एवढं आधी बघा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी तशी एक प्रत स्वतःजवळ सुरक्षित ठेवत जा.

आता गर्वाचं. हा प्रश्न मला पत्त्यांच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो, म्हणून जरा थांबून लिहिते.

बायबलमधल्या, प्रेषित पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा, सोळावा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा. आपण तो बहुतेक वेळा भराभर उलटतो, कारण त्यात नुसती नावंच नावं आहेत. पौल तोवर रोमला गेलेलाही नव्हता, आणि तरी तो तिथल्या वीसहून अधिक माणसांना नावानिशी सलाम सांगतो. कुणी कष्ट केले, कुणी त्याच्याबरोबर तुरुंगात होतं, कुणाची आई त्यालाही आईसारखी झाली, हे सगळं त्याला आठवतं. त्या पत्राचं लेखनिकाचं काम तर्तियानं केलं आणि मध्येच आपलाही सलाम घालून ठेवला. फिबी नावाच्या बहिणीची शिफारस त्याच अध्यायाच्या सुरुवातीला आहे, आणि ते पत्र तिनंच रोमला नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ही माणसं पौलानं स्वतःचं नाव मोठं करायला जमवली नव्हती. त्याला लिहायचं होतं ते त्यांच्यासाठी होतं, म्हणून ती कोण आहेत, कुठे आहेत, पत्र त्यांच्यापर्यंत कुणाच्या हाती पोहोचेल, हे त्याला माहीत असणं भागच होतं. कलस्सैकरांना तर तो स्पष्ट सांगतो, हे पत्र वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं बघा, आणि तिकडचं तुम्ही वाचा. पत्र पुढे जावं याची व्यवस्था लावण्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही.

मोजण्याबद्दल म्हणाल तर शास्त्रात दोन्ही आहे. दावीद राजानं लोक मोजले आणि त्याचं काळीज त्याला टोचू लागलं. पण येशूच्या दाखल्यातल्या शंभर मेंढरांच्या मेंढपाळानंही मोजलीच असणार, एरवी एक कमी आहे हे त्याला कळलं कसं असतं? तुम्ही आकडा उघडून बघाल तेव्हा स्वतःलाच विचारा, मी यातल्या कुणाला शोधतेय की मला मी किती मोठी झाले ते बघायचंय? कधीकधी उत्तर दुसरं येईल. माझंही येतं. तेव्हा खिडकी बंद करायची आणि एखाद्या वाचकाच्या आलेल्या पत्राला उत्तर लिहायला बसायचं. मला याहून चांगला उपाय सापडलेला नाही.

यादी सुरू कशी करायची? आधी एक वाक्य लिहा. कुणासाठी, काय, आणि किती दिवसांनी, एवढं त्यात आलं पाहिजे. ‘माझ्या लेखनाशी जोडलेले राहा’ असलं वाक्य कामाचं नाही, कारण वाचणाऱ्याला त्यात स्वतःसाठी काही दिसत नाही. तुमच्या पुस्तकावरून मला असं सुचतं: ‘ज्यांनी जवळचं माणूस गमावलंय त्यांच्यासाठी महिन्यातून दोनदा एक छोटं पत्र, एक वचन आणि एक प्रार्थना.’ हे वाचून ज्याला नको तो पुढे जाईल. ज्याला हवं तो थांबेल, कदाचित डोळ्यांत पाणी घेऊन थांबेल. मग त्या वाक्याला जागा. महिन्यातून दोनदा म्हटलं तर दोनदाच. पुस्तक आलं म्हणून आठवड्यात चार पत्रं धाडायची नाहीत, आणि कंटाळा आला म्हणून पाच महिने गप्पही बसायचं नाही. फार दिवसांनी अचानक पत्र आलं की लोक विसरलेले असतात, आणि विसरलेला माणूस ‘हे स्पॅम आहे’चं बटण दाबतो.

फॉर्ममध्ये नाव आणि ईमेल, बस्स. फोन, वय, मंडळीचं नाव विचारू नका. नाव नोंदवल्यावर एक पडताळणीचं पत्र जातं, त्यातल्या दुव्यावर क्लिक केल्यावरच नाव यादीत चढतं, अशी सोय असते. ती चालू ठेवा. यात काही जण गळतात हे खरं. पण चुकीचे टाइप झालेले पत्ते अडतात, आणि दुसऱ्याच्याच नावानं कुणी परस्पर नोंद केली असेल तर तीही अडते. सभेच्या दाराशी कागद ठेवून पत्ते घेणार असाल तर कागदाच्या डोक्यावर तेच वाक्य ठळक लिहा. म्हणजे सही करणाऱ्याला आपण कशाला होकार देतोय ते कळेल. पत्ते त्याच रात्री उतरवून घ्या. दुसऱ्याच्या अक्षरातला इंग्रजी ‘एल’ आणि ‘एक’चा आकडा चार दिवसांनी सारखेच दिसू लागतात.

नाव देणाऱ्याला सुरुवातीलाच काहीतरी हातात द्यावं असा सल्ला सगळेच देतात, आणि तो योग्यच आहे. मात्र ते ओझं होईल इतकं मोठं नको. दुःखात असलेल्या माणसाला ऐंशी पानं वाचवत नाहीत. बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि तरी आपल्या सभांमधून ती किती कमी वाचली जातात! त्यांतली सात घ्या, सात दिवसांची सात छोटी पत्रं करा. तेराव्या स्तोत्रात ‘किती वेळ’ हा प्रश्न लागोपाठ चारदा येतो. ज्याला मंडळीत सगळे ‘धीर धरा’ म्हणून गेलेत, त्याला हे स्तोत्र हातात पडणं ही किती मोठी गोष्ट असेल ते तुम्हाला मी सांगायला नको. अठ्ठ्याऐंशीवंही घ्या. त्याचा शेवट अंधारातच होतो. त्याला वरून आशेचं ठिगळ लावू नका, तसंच ठेवा. वचनं छापताना एक काळजी घ्या. बऱ्याच आधुनिक भाषांतरांचे हक्क प्रकाशकांकडे असतात आणि परवानगीशिवाय किती वचनं वापरता येतील हे सुरुवातीच्या पानांवर दिलेलं असतं. ते पान वाचूनच पुढे जा.

वाचक येणार कुठून? तुमचे लेख जिथे आत्ता छापले जातात तिथूनच. लेखाच्या खाली लेखिकेच्या परिचयाच्या दोन ओळी असतात, त्यांत पदव्या आणि पुरस्कार असतात. त्यांतली एक ओळ संपादकांना विचारून बदला आणि तिथे ते वाक्य व नोंदणीचा दुवा द्या. अकरा वर्षं तुम्ही लोकांच्या घरात जाताय, पण उत्तर द्यायची वाट त्यांना कधी दाखवली नाहीत. आणखी एक वाट म्हणजे शोकात असलेल्यांसाठी चालणारे छोटे प्रार्थनागट. तिथे जाऊन यादीची जाहिरात करू नका. बोलावलं तर जा, बोला, ऐका, आणि जाताना गट चालवणाऱ्याच्या हातात चिठ्ठी द्या. कुणाला सांगायचं ते त्यांना कळतं. पत्ते विकत घेऊ नका हे तर तुम्हाला सांगायची गरजच नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते. स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःचं नाव, घ्या आणि पत्रं त्याच नावाच्या पत्त्यावरून पाठवा. फुकटच्या जीमेल पत्त्यावरून सेवेमार्फत पाठवलेली पत्रं हल्ली सहज अडवली जातात. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन नोंदी डोमेनला लावायच्या असतात. पत्र खरंच तुम्हीच पाठवलंय हे त्यातून समोरच्या सेवेला कळतं. कशा लावायच्या ते तुमची सेवा पायरीपायरीनं दाखवते, जमत नसेल तर ओळखीच्या एखाद्या जाणत्या मुलाला शेजारी बसवा, तासाभराचं काम आहे. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू यांनी नियम कडक केले. त्यांत स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवा असं सांगितलं आहे. आता तुमच्या स्नेह्यांच्या 412 पत्त्यांचा हिशेब करा. त्यांपैकी नुसत्या दोघांनी वैतागून ते बटण दाबलं तरी तुम्ही मर्यादेपलीकडे गेलात, आणि मग ज्यांना तुमचं पत्र खरोखर हवंय त्यांचंही पत्र स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडायला लागतं.

अमेरिकेत वाचक असतील तर आणखी एक गोष्ट. तिथल्या 2003 च्या कायद्याप्रमाणे विक्रीच्या हेतूनं पाठवलेल्या ईमेलखाली खरा टपाल-पत्ता द्यावा लागतो आणि यादीतून बाहेर पडण्याची विनंती कामाच्या 10 दिवसांत पाळावी लागते. तुम्ही घरचा पत्ता हजारो अनोळखी लोकांना देऊ नका. तिथल्या टपाल खात्याकडे नोंदवलेली पोस्ट बॉक्स त्या कायद्याला चालते.

आणि पत्रात लिहायचं काय? तुमच्यापुढे यादी नको, एक माणूस हवा. मी लिहायला बसते तेव्हा एका विशिष्ट वाचक बाईंना डोळ्यांपुढे आणते. त्यांनी मला एकदाच लिहिलं होतं. पती गेल्यावर पहिल्या रविवारी त्या मंडळीत गेल्या आणि नेहमीच्या बाकावर बसताना सवयीनं शेजारी जागा सोडली. गीत सुरू झाल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं. पुढचं त्यांनी काही लिहिलं नव्हतं. त्या बाकावरच्या रिकाम्या जागेला साजेल असंच मला लिहायचं असतं. घाऊक धीर, सुविचार, ‘देवाची योजना’ हे शब्द तिथे पोहोचता पोहोचता हलके होऊन जातात. शेवटी एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तरं येऊ द्या. उत्तर न घेणाऱ्या पत्त्यावरून कधीही लिहू नका. किती जणांनी पत्र उघडलं या आकड्यावर फार विसंबू नका. 2021 पासून ॲपलच्या मेलमध्ये अशी सोय आहे की माणसानं पत्र बघितलं नाही तरी ते उघडल्यासारखं दिसू शकतं. उत्तरं किती आली ते बघा.

उत्तरं आली की त्यांत प्रार्थना-विनंत्याही येणार. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच. मुलाचं व्यसन, मोडत चाललेला संसार, श्रद्धा डळमळल्याची कबुली, हे सगळं लोक तुम्हाला लिहितील. ते त्या सेवेतल्या नावापुढच्या नोंदीत टाकू नका. ‘विधवा’, ‘घटस्फोटित’, ‘आजारी’ अशा खुणा लावून वाचकांचे गट करू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. पुढच्या पत्रात ‘आपल्या एका बहिणीनं लिहिलंय’ म्हणून सांगायचं असेल तर आधी तिला विचारा. नाव गाळलं तरी तपशिलावरून जवळची माणसं ओळखतात. मी विनंत्या एका वहीत नावाच्या आद्याक्षरासह लिहिते. वर्ष संपलं की प्रत्येकीसाठी पुन्हा एकदा प्रार्थना करून वही फाडून टाकते. आणि कुणी जीव द्यायची भाषा केली असेल तर नुसती प्रार्थना पुरे समजू नका. त्याच दिवशी उत्तर द्या, त्यांच्याजवळच्या माणसाकडे आणि मदतवाहिनीकडे त्यांना पोहोचवा. आपण डॉक्टर नाही.

पुस्तक आलं की यादीला सांगा. संकोच नको. पौलानं तीमथ्याला लिहिताना त्रोवस गावात राहिलेला झगा, पुस्तकं आणि विशेषतः चर्मपत्रं घेऊन ये असं मोकळेपणानं सांगितलं. फिलेमोनाला लिहिलेल्या 25 वचनांच्या पत्रात माझ्या राहण्याची सोय करून ठेव असंही तो म्हणतो. ज्यांच्याशी आपलं खरं नातं आहे त्यांच्याकडे मागायला लाज वाटू नये. मात्र विक्रीच्या पत्राला प्रार्थनेचा पोशाख घालू नका. ‘देवानं मला तुम्हाला हे सांगायला लावलंय’ असं लिहून खाली खरेदीचा दुवा देणं मला सहन होत नाही. पुस्तक आहे, इतक्याला आहे, अमुकसाठी लिहिलंय, इथे मिळेल, असं सरळ लिहा.

काही जण नाव काढतील. प्रत्येक पत्राला एखाद-दुसरा काढतोच. पहिल्या वेळी ते मनाला लागेल, विशेषतः नाव ओळखीचं असलं तर. त्यांना ‘काही चुकलं का?’ म्हणून लिहू नका. यादीतून बाहेर पडणं म्हणजे कळपातून हरवणं नव्हे, बिचाऱ्यांचा इनबॉक्स भरलाय, किंवा त्यांचं दुःख आता तुमच्या पत्राशिवाय चालू लागलंय. बाहेर पडायचा दुवा ठळक ठेवा, एका क्लिकमध्ये काम व्हायला हवं.

संपादकांना काय सांगायचं? खरं ते सांगा. आज यादी नाही, अमुक तारखेला सुरू केली, अकरा वर्षं अमुक मासिकांतून लिहिते, दर महिन्याला इतकी उत्तरं येतात. संपादक आकडा विचारतात तो पहिल्या आठवड्यात पुस्तक घेणारी माणसं आहेत का हे जोखायला. न मागता पत्र मिळालेल्या 412 जणांपेक्षा स्वतःहून नाव दिलेले 60 जण त्या आठवड्यात जास्त कामाला येतात, हे जाणत्या संपादकाला ठाऊक असतं. फुगवलेला आकडा सांगून करार मिळाला तर पुस्तक आल्यावर ते उघडं पडतं.

तुम्ही लिहिलंय की दोन-तीन बहिणी लेख वाचून आवर्जून चार ओळी पाठवतात. त्यांना आजच एकेकीला वेगळं पत्र लिहा. मी असं एक छोटं पत्र सुरू करतेय, तुला हवं असेल तर सांग, नको असेल तरी काही बिघडत नाही, एवढंच. त्यांतली जी ‘हो’ म्हणेल ती तुमच्या यादीतली पहिली.

तुमची,
सल्लागार